गेम डिझाईन शिकायचंय? मग आधी हे ऐक

अगं, बारावीनंतर गेम डिझाईनला जायचंय, पण घरात विषय काढायची हिंमत होत नाही, असंच ना? आपल्या ब्राह्मणपुरी गावात गेम म्हटलं की आईबापांच्या डोळ्यांसमोर मोबाइलात पैसे घालवून बसलेली पोरं येतात. त्यांची भीती खोटी नाही. म्हणून पहिल्यांदा हेच सांग, की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. तुला शिकायचंय ते खेळ रचायला. नियम, चित्रं, आवाज, गोष्ट, प्रोग्रॅमिंग असं सगळं त्यात येतं.

मग त्यांना 'राजी' दाखव. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला हा गेम. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली बहीण ही त्याची नायिका. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं.

आता तुझ्याबद्दल. गेम खेळायला आवडतं एवढ्यावर हे शिक्षण निभत नाही. लगोरीच घे. सातऐवजी तीनच चकत्या ठेव आणि खेळून बघ. रचणारे पटकन जिंकतात, चेंडू मारणाऱ्यांना वावच राहत नाही. मग चेंडू बदल, अंतर वाढव, धाकट्यांना खेळव आणि स्वतः बाजूला उभी राहा. कुणाला कंटाळा आला, भांडण कुठल्या नियमावरून झालं, ते वहीत लिही. दरवेळी हे करताना मजा येत असेल, तर हे क्षेत्र तुझं आहे. पुढे कॉम्प्युटर हाताशी आला की गेम बनवायचं गोडो आणि थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर ही सॉफ्टवेअर शिक, दोन्ही फुकट मिळतात.

शिक्षणाच्या वाटा नीट समजून घे. मुंबईच्या आयआयटीत बी.डेस.ला, म्हणजे डिझाईनच्या पदवीला, कोणत्याही शाखेची बारावी चालते. त्यासाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिचा एक भाग कॉम्प्युटरवर आणि दुसरा हाताने चित्र काढायचा. रोज एक तरी स्केच काढायची सवय आत्तापासून लाव. एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत डिजिटल गेम डिझाईन हा विषय एम.डेस.ला आहे, म्हणजे पदवीनंतर. तेव्हा आधी बी.डेस. किंवा कॉम्प्युटरची पदवी घेऊन मग तिकडे वळलीस तरी उशीर होत नाही.

खासगी कॉलेजची जाहिरात बघून मात्र भुलू नकोस. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी बनवलेले गेम मागून घे आणि स्वतः खेळ. मागच्या बॅचची मुलं आज काय करतात, ते त्यांनाच विचार. फी, हॉस्टेल, लॅपटॉप असा चारही वर्षांचा हिशेब एका कागदावर मांड. शेत गहाण टाकावं लागेल अशी फी असेल, तर तिथे जाऊ नकोस, दुसरी वाट शोध. शिष्यवृत्तीला लागणारे दाखले अकरावीतच काढून ठेव, ऐनवेळी शहाद्याला हेलपाटे नकोत.

आणि हो, आपल्या सातपुड्यातली काठी गावची होळी, त्यात नाचणारे बावा-बुध्या, घुंगरांचा आवाज यांवर गेम करावासा वाटेल. जरूर कर, पण ही होळी लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे. आधी तिथल्या जाणत्यांना विचार, त्यांनी नको म्हटलेलं वगळ.

आधी एक छोटा खेळ पुरा कर, मग तो खेळ आणि हिशेबाचा कागद घेऊन बाबांसमोर बस. न घाबरता बोल.