जुना कॉम्प्युटर ड्रोनला ओळखत नाही तेव्हा

लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांकडे ड्रोन नवा, पण कॉम्प्युटर विंडोज ७ च्या काळातला असतो. ड्रोन जोडूनही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, आणि विक्रेता लगेच नवा कॉम्प्युटर गळ्यात मारू पाहतो.

घाई करू नये. आधी केबल तपासावी. यूएसबी २ च्या केबलीत साधारणपणे चार तारा असतात: लाल व काळी विजेची, हिरवी व पांढरी माहितीची. केवळ चार्जिंगच्या स्वस्त केबलीत शेवटच्या दोन नसतात. वरून थान पाहून आतला डाग कळत नाही, तसेच हे. त्याच केबलीने मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर येतात का, ते पाहावे.

ड्रोन चालू ठेवून केबल मागच्या काळ्या खाचेत लावावी. विंडोज ७ मध्ये निळ्या यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसली तर ड्रायव्हर पुन्हा टाकावा. डीजेआय असिस्टंट २ चेही मॅविकसाठी वेगळे, फँटमसाठी वेगळे प्रकार आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी काढून घेतला. तेव्हा एवढ्यानेही जमले नाही तर ओळखीच्या माणसाचा नवा लॅपटॉप तासभर मागून घ्यावा. फर्मवेअर बदलायचे असल्यास तर लॅपटॉपच बरा. मध्येच वीज गेली तर ड्रोन निकामी होऊन ऐन लगीनसराईत हातची ऑर्डर जाऊ शकते.