राइड मोजायच्या त्या माणशी

अम्युझमेंट पार्कहून परतलेल्या घराला सगळे एकच प्रश्न विचारतात, "किती राइड झाल्या?" उत्तरादाखल संपूर्ण घराचा मिळून एक आकडा सांगितला जातो. तिथेच गडबड होते. तिकीट आपण माणशी काढतो, मग राइडसुद्धा माणशीच मोजायला हव्यात. थोरल्या पुतणीच्या किती झाल्या, सासूबाईंच्या किती झाल्या, पहाटे उठून गाडी चालवत आलेल्या दिरांच्या किती झाल्या? असं वेगवेगळं मोजायला लागलं की कुणाचा दिवस वाया गेला ते लगेच समोर येतं.

आमच्या घरात हा हिशेब सुरू झाला तो एका सहलीनंतर. दोन घरं, चार मुलं, सासूबाई, असा लवाजमा होता. पार्क उघडायच्या वेळेला हजर होतो, ऊन चढलेलं नव्हतं, सगळं नीट चाललं होतं. सगळ्यात मोठ्या कोस्टरच्या रांगेत आम्ही झाडून सारे उभे राहिलो. पाऊण तासाने गाडीत बसायच्या फलाटाशी पोहोचलो, तर तिथे उंची मोजायचा खांब. त्याच्या आडव्या दांड्याला डोकं टेकलं तर पुढे जायचं, नाही टेकलं तर बाजूच्या जिन्याने खाली. दहा वर्षांचा पुतण्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. त्याने मान ताणली, आणि बुटाच्या आतल्या आत टाचा उचलल्या. तिथे काम करणाऱ्या मुलाने त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाला, "बाळा, टाच खाली." दांडा आणि डोकं यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलं.

पुतण्या रडायला लागला म्हणून त्याची आई त्याच्याबरोबर बाहेर पडली. आई निघाली म्हणून धाकटी निघाली. "त्याच्याशिवाय आपण कसं बसायचं?" असं म्हणत मागोमाग आम्ही सगळेच उतरलो. पाऊण तास रांगेत काढून नऊ माणसांच्या पदरात एकही राइड पडली नव्हती. आणि ती वेळ होती सकाळची, जेव्हा रांगा सगळ्यात लहान असतात.

म्हणून पहिली गोष्ट घरीच करायची. मुलांना अनवाणी भिंतीला उभं करा, डोक्यावर वही सपाट धरा, पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. मोठ्या थराराच्या राइडना आपल्याकडे साधारण १४० सेंटिमीटरच्या आसपास उंची लागते, मधल्यांना त्याहून कमी. काही राइडना उलट वरची मर्यादा असते, तिथे मोठी माणसं चालत नाहीत. प्रत्येक पार्कच्या वेबसाइटवर ही यादी असते. ती मुलांसमोर बसून वाचा आणि जे जमणार नाही ते आदल्या रात्रीच सांगून टाका. घरात सांगितलं तर मूल थोडा वेळ हिरमुसतं आणि झोपून जातं. फलाटावर शंभर माणसांसमोर कळलं तर पुढचा अर्धा दिवस त्याचं मन कशातच लागत नाही.

जाड तळव्याचे बूट, दोन-दोन मोजे, वर बांधलेली वेणी असले उपाय सुचवणारे आईवडील मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. खांद्यावरून खाली येणारा तो जाड पट्टा किंवा मांडीवर दाबून बसणारा दांडा ठरावीक आकाराचं शरीर धरून बनवलेला असतो. मूल त्यात सैल बसलं तर वळणावर त्याला धरायला दुसरं काहीही नसतं. खांबाजवळच्या त्या पोराने आमच्या पुतण्याला अडवलं ते योग्यच केलं.

दुसरी गोष्ट, घोळक्याने फिरायचं नाही. मराठी घरात हे जरा जड जातं, कारण सगळ्यांनी एकत्र राहणं हीच आपली सहलीची व्याख्या. पण एकत्र फिरलं की प्रत्येक जण प्रत्येकासाठी थांबतो. एकाला तहान लागते, दुसऱ्याला बाथरूम हवं असतं, तिसऱ्याचा मोबाईल सापडत नाही, आणि नऊच्या नऊ उभे. त्यापेक्षा सकाळचे दोन गट करा, मोठ्या राइडवाल्यांचा आणि लहान मुलांचा. जेवायला भेटायचं, दुपारच्या राइड सगळ्यांनी मिळून करायच्या, संध्याकाळी पुन्हा फुटायचं. भेटायची जागा सकाळी प्रत्यक्ष नेऊन सगळ्यांना दाखवा. फोनवर "त्या हत्तीच्या पुतळ्याजवळ" असं सांगून गर्दीत कुणी सापडत नाही.

लहान मूल असलेल्या जोडप्याने एक सोय जरूर विचारावी. आई राइडवर जाते तेव्हा बाबा मुलाला घेऊन बाहेर थांबतात, ती उतरली की बाबा पुन्हा अख्खी रांग न लावता बसतात. डिस्नेच्या पार्कांत याला रायडर स्विच म्हणतात आणि ती रूढ पद्धत आहे. आपल्याकडे सगळीकडे तसा फलक नसतो, पण राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला रांग लावण्याआधी विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणाला तर निदान कोण बसणार आणि कोण नाही हे तिथेच ठरवता येतं.

आता रांगेचं गणित. हे मुलांनाही शिकवा, त्यांना फार आवडतं. एका फेरीत किती माणसं बसतात ते बघा आणि एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा. समजा वीस जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे तासाला ४०० माणसं. रांगेत नागमोडी कठडे असतात, त्यातल्या एका पट्ट्यातली माणसं मोजून पट्ट्यांच्या संख्येने गुणायची. पुढे ३०० माणसं असतील तर पंधरा फेऱ्या, म्हणजे पाऊण तास. रांग लांब दिसते की आखूड यावर जाऊ नका. पडद्यासमोरच्या राइडमध्ये एका खेपेला मोठा जथा आत जातो, त्यामुळे बाहेर वळसे घेत गेलेली रांगसुद्धा दोन खेपांत ओसरते. उलट उंचावरून खाली सोडणारा मनोरा घ्या. त्यात एका वेळी मोजकीच माणसं बसतात, म्हणून तीस-चाळीस जणांची रांगही तिथे हलता हलत नाही. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांविषयीचा जो नियम सिद्ध केला तो याच हिशेबाचा आहे. थांबायचा वेळ हवा असेल तर पुढची माणसं आणि ती पुढे सरकायचा वेग, एवढंच पुरतं.

यावरून दिवसाचा क्रम ठरतो. कमी माणसं घेणाऱ्या आणि सगळ्यांना हव्या असणाऱ्या राइड सकाळच्या पहिल्या तास-दीड तासात. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं उदाहरण घेऊ, २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क मुंबई-पुण्याच्या घरांना जवळ पडतं. तिथे पाय अधांतरी सोडणारा नायट्रो कोस्टर, काळोखात धावणारा डीप स्पेस आणि स्क्रीम मशीन ही सकाळची कामं. 'मिस्टर इंडिया' किंवा खुर्चीसकट उचलून भारताची हवाई सफर घडवणारी 'आय फॉर इंडिया' यांसारख्या बंदिस्त, गार जागा दुपारी बारा ते तीनसाठी ठेवाव्यात. आत शिरलं की बहुतेक माणसं दाराजवळची पहिली राइड दिसेल तिच्या रांगेत लागतात. तुम्ही नकाशा घरी पाहून आलेले असाल तर तिला ओलांडून सरळ लांबच्या टोकाला जा आणि तिकडून उलटे या. सगळ्यात पुढच्या डब्याचा हट्टही सोडा, त्यासाठी वेगळं थांबावं लागतं.

तिथल्या राजासॉरससारखी होडीची राइड केली तर कपडे भिजणार हे धरून चाला. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष मिळाले त्या डायनासोरचं हे नाव, हे मुलांना रांगेत सांगितलं तर वेळही जातो. ही राइड जेवणाच्या थोडी आधी करावी, म्हणजे उन्हात कपडे वाळतात. पायात चपला असू द्या. ओले मोजे घालून दिवसभर चाललेल्या मुलाला फोड येतात आणि चारनंतर ते पाऊल उचलत नाही.

जेवण साडेअकराला उरका. एक वाजता स्टॉलसमोर जी रांग असते ती कुठल्याही कोस्टरइतकीच लांब असते आणि तिच्या शेवटी राइड नसते. बाहेरचे पदार्थ बहुतेक पार्कांत आत नेता येत नाहीत, त्यामुळे सकाळी घरून पोटभर पोहे किंवा थालीपीठ खाऊन निघालेलं बरं. गरगर फिरणाऱ्या राइड जेवणाआधीच संपवाव्यात.

तारीख निवडताना "शनिवार-रविवार टाळा" हा सल्ला अर्धाच आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्याही आठवड्याच्या मधल्या वारी. मंगळवार म्हणून निर्धास्त गेलात तर वाहनतळावर बसगाड्यांची रांग दिसेल. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावरचा पहिला आठवडा मला सगळ्यात चांगला वाटतो. मुलांची एक दिवस शाळा बुडते, ती बुडू द्यावी. जून-जुलैत गर्दी कमी असते, पण खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पाऊस आणि विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात, आणि ते बरोबरच आहे. गर्दीच्या दिवशी जायचंच असेल तर रांग टाळणारं जास्त पैशाचं तिकीट घ्यावं, पण फक्त मोठ्या राइड करणाऱ्यांपुरतं. कुठल्या राइडना आणि किती वेळा चालतं हे वाचूनच पैसे भरा.

आता सासूबाईंविषयी. त्या सहलीत त्यांनी पूर्ण तिकीट काढलं होतं आणि त्या पहिल्या रांगेनंतर दिवसभर एका बाकावर आमच्या सात पिशव्या, चार पाण्याच्या बाटल्या आणि दोन स्वेटर सांभाळत बसल्या होत्या. तक्रारीचा शब्द काढला नाही. जवळजवळ प्रत्येक घराच्या सहलीत असं एक माणूस बाकावर बसलेलं दिसतं, आणि ते पाहून मला आता राग येतो. लॉकरचं भाडं त्यांच्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी असतं. सामान त्यात टाका. हृदयाचा, पाठीचा किंवा मानेचा त्रास असलेल्यांना मोठ्या राइड वर्ज्य असतात हे खरं. पण खुर्ची न हलणारे पडद्यावरचे खेळ, मेरी-गो-राउंड, संथ होड्या, संध्याकाळची मिरवणूक, इतकं त्यांनाही करता येतं. त्यांची यादी वेगळी करा आणि घरातल्या एका नातवंडाला त्यांचा जोडीदार नेमा.

बायकांनी ओढणी त्याच लॉकरमध्ये ठेवावी. गो-कार्टच्या किंवा फिरत्या राइडच्या भागात अडकलेली ओढणी गळ्याला फास लावते, हे शब्दशः खरं आहे. मोकळे केस घट्ट बांधा, लांब मंगळसूत्र ड्रेसच्या आत घ्या, चष्म्याला मागून दोरी लावा.

राहिला गाडी चालवणारा. पहाटे उठलेला, दिवसभर उन्हात उभा राहिलेला, उलटा-सुलटा झालेला माणूस रात्री नऊला एक्स्प्रेस वेवर येतो, आणि पुण्याकडचा असेल तर त्याला बोरघाट चढायचा असतो. त्याच्या आवडीच्या राइड सकाळीच उरकून घ्या. शेवटची रांग कितीला बंद होते ते आत शिरतानाच विचारून ठेवा आणि बाकीचे त्या रांगेत असताना त्याला तासभर आडवं होऊ द्या. चहा पिऊन गाडी सुरू केली की एकाने शेवटपर्यंत जागं राहून त्याच्याशी बोलत बसावं. आमच्याकडे ते काम आता पुतणीने मागून घेतलं आहे. तुमच्याकडे कोण करणार, ते निघायच्या आधी ठरवा.