ई-मेलची आपोआप जुळणी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या टपालव्यवहारावर लेख लिहावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या ठिकाणी जाणता आणि अजाण अशी दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, तो विषय आपल्याही शाखेचा असतो असे मला वाटते. शिवाय कॉलेज सुटल्यावर मी औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याच्या कचेरीत काम करतो, आणि हा प्रश्न तेथे मला रोज भेटत होता.

जाळ्यातून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठविण्याचा पहिला प्रयोग रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली केला. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह घालण्याची कल्पनाही त्याचीच. तेव्हापासून पत्त्याचे रूप फारसे बदललेले नाही. गोम अशी की, नुसता पत्ता देऊन भागत नाही. आलेली पत्रे कोणत्या सर्व्हरवरून आणायची, आयमॅप पद्धतीने की पॉप पद्धतीने, कोणत्या पोर्टने, मार्ग कुलूपबंद आहे की नाही, वापरकर्त्याचे नाव म्हणून पूर्ण पत्ता लिहायचा की अर्धा, हे सारे सांगावे लागते. मग जाणाऱ्या पत्रांसाठी जवळजवळ तेच सर्व पुन्हा! नाव, पत्ता आणि पासवर्ड सोडून हे नऊ रकाने होतात.

आमच्या कचेरीत या नऊ रकान्यांचा एक कागद भिंतीला चिकटविलेला होता. नवा संगणक आला की बाहेरचा एक माणूस येई, दहा मिनिटांत ते भरी आणि दर यंत्रामागे पैसे घेऊन जाई. तो नसला तर काम अडे. आमच्या स्टोअरमधले काका तीस वर्षांचे अनुभवी. नटबोल्टची हजार नावे त्यांना तोंडपाठ. ते एकदा मला म्हणाले, ‘‘अरे पोरा, इनकमिंगमध्ये ९९३ घातलं, मग औटगोइंगमध्ये ५८७ का? एकाच घराला दोन दारं?’’ प्रश्न अगदी बरोबर होता. येण्याचे दार वेगळे आणि जाण्याचे वेगळे. जाण्यासाठी ५८७ किंवा ४६५ असे दोन क्रमांक चालतात. पण मुळात काकांनी हे जाणून घ्यावेच कशाला? ज्याला माहीत आहे त्या सर्व्हरने ते सांगावे! माझ्या घरात कॉलेजचा फॉर्म भरणारा मी पहिलाच. रकाना रिकामा राहिला म्हणून खिडकीवरून परत येणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

तर उपाय असा. थंडरबर्ड हा पत्रे वाचण्याचा कार्यक्रम घ्या. आपण पत्ता दिला की तो ‘ॲट’नंतरचा भाग उचलतो. समजा तो ‘एक्झॅम्पल.कॉम’ आहे, मग तो ‘ऑटोकॉन्फिग.एक्झॅम्पल.कॉम’ या ठिकाणी ‘कॉन्फिग-व्ही१.१.एक्सएमएल’ नावाची फाइल मागतो. तेथे नसेल तर मुख्य संकेतस्थळावरील एका ठरीव कप्प्यात पाहतो, नंतर मोझिलाच्या सामाईक यादीत, आणि काहीच हाती न लागल्यास ‘आयमॅप’, ‘मेल’ अशी प्रचलित नावे लावून अंदाज बांधतो. ही सोय २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे.

त्या फाइलमध्ये तेच नऊ रकाने भरलेले असतात. मौज अशी की, वापरकर्त्याच्या नावाच्या जागी ‘ईमेलॲड्रेस’ हा शब्द टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये लिहायचा. ज्याचा त्याचा पत्ता तेथे आपोआप बसतो, म्हणून एकच फाइल सर्व कचेरीला पुरते. पासवर्ड मात्र त्यात कधीच नसतो. तो ज्याचा त्याने द्यायचा.

आउटलुकची रीत निराळी. २००७ पासून त्याची ‘ऑटोडिस्कव्हर’ नावाची पद्धत आहे. तो नुसती फाइल मागत नाही, तर पत्ता लिहिलेला एक अर्जच सर्व्हरकडे धाडतो आणि उत्तराची वाट पाहतो. त्यामुळे तेथे ठेवणीतली फाइल ठेवण्यापेक्षा अर्ज वाचून उत्तर देणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. आयफोनसाठी तिसरीच तऱ्हा, ‘कॉन्फिगरेशन प्रोफाइल’ची. एका साध्या कामासाठी तीन घराण्यांच्या तीन गायक्या! २०११ साली सर्वांसाठी एक समान मार्ग सुचविला गेला. डोमेनच्या नोंदवहीतच ‘एसआरव्ही’ जातीची नोंद करून सर्व्हरचे नाव आणि पोर्ट सांगावे, असा तो नियम. कल्पना आपल्या पिन कोडसारखी आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थाची. गावाचे नाव वाचता आले नाही तरी सहा आकड्यांवरून पत्र मार्गी लागते.

आता धोक्याची बाजू, जी बहुतेक माहितीपत्रकांत सापडत नाही. आउटलुकसारख्या काही कार्यक्रमांना उत्तर मिळाले नाही, तर ते कंपनीचे नाव गाळून थेट ‘ऑटोडिस्कव्हर.कॉम’सारख्या परक्या दारी जात आणि तेथे पासवर्डही देऊन बसत. गार्डिकोर या संस्थेच्या संशोधकांनी अशी काही नावे विकत घेऊन १६ एप्रिल ते २५ ऑगस्ट २०२१ या काळात नुसती वाट पाहिली. विंडोजच्या ३,७२,०७२ ओळखी त्यांच्या दारात चालत आल्या; एकसारख्या वगळल्या तरी ९६,६७१. म्हणजे सोय अर्धवट करून ठेवणे हे मुळीच न करण्याइतकेच वाईट. आपल्या डोमेनच्या त्या नावाला उत्तर मिळालेच पाहिजे, आणि त्या नावाचे वैध प्रमाणपत्रही हवे. नाही तर पडद्यावर इशारा येतो, मंडळी ‘यस’ दाबतात, आणि इशारा न वाचता ‘यस’ दाबण्याची सवय एकदा जडली की सुटत नाही.

मालकांच्या संमतीने मी आमच्याकडे पहिल्या दोन्ही गोष्टी बसविल्या. फाइल लिहायला एक संध्याकाळ लागली, प्रमाणपत्र विनामूल्य मिळाले. खरा वेळ गेला तो डोमेनच्या खात्याचा पासवर्ड त्या बाहेरच्या माणसाकडून मिळविण्यात. डोमेन कारखान्याचे, किल्ली मात्र त्याच्या खिशात! तीन आठवडे तो ‘उद्या देतो’ म्हणत होता. शेवटी मालकांनी पैसे भरल्याच्या पावत्या पुढे ठेवल्या, तेव्हा तो मिळाला. भिंतीवरचा कागद आता काढला आहे. काकांनी परवा नव्या संगणकावर नाव, पत्ता, पासवर्ड घातला आणि मला हाक न मारता पुरवठादाराला पत्र धाडले. विक्री विभागातील दोघांच्या आयफोनचे काम अजून बाकी आहे; ते परीक्षेनंतर.