आपल्या हातचा वीर

मुलांनो, १९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा अंतराळकथेचा चित्रपट झळकला. त्यातील ल्यूक स्कायवॉकर मुलांचा लाडका वीर झाला. परंतु नाताळापर्यंत त्याचे बाहुले तयारच होईनात! १९७८ साली ते मुलांच्या हाती आले. उंची अवघी पावणेचार इंच.

हाच वीर नव्या वेषात हवा असेल, तर हौशी मंडळी जुन्या बाहुल्यावर लांबीने झगा व जोडे घडवितात. ही लांबी कणकेसारखी मळता येते. वाळली की दगडासारखी कठीण होते. मग ती काचकागदाने घासून बारीक कुंचल्याने रंगाचे पातळ थर देतात. मात्र खांद्याच्या सांध्यात लांबी शिरली, तर हात कायमचा अडकतो आणि वीराचा पुतळा होतो! म्हणून कुशल कारागीर आधी सांधे जपतो, मग शोभा पाहतो.

स्वाध्याय : वीराचा पुतळा केव्हा होतो?