डब्याला भोक पाडताना

प्रोजेक्ट म्हटलं की आपलं सगळं लक्ष सर्किट आणि प्रोग्रामकडे असतं. डबा आठवतो शेवटच्या आठवड्यात. मग कुठूनतरी ड्रिल आणायचं आणि कसंतरी भोक पाडायचं!

पण आपल्याकडचं नेहमीचं प्रोजेक्ट घ्या: मोबाईलवरून शेतातली मोटार चालू-बंद करणं. रात्रीची लाइट असली की अंधारात विहिरीवर जावं लागतं, ते वाचावं हा हेतू. म्हणजे हा पत्र्याचा डबा ओल्या मातीवर उभा राहणार आणि आत थ्री-फेजचे ४१५ व्होल्ट असणार. भोकाच्या कडेला धार राहिली तर वायर घासून तिचं इन्सुलेशन कापलं जातं आणि अख्ख्या डब्यात करंट उतरतो. ओल्या हातानं तो डबा उघडणारा माणूस आपल्याच घरचा असू शकतो. म्हणून भोक स्वच्छ हवं, नुसतं दिसायला नाही.

गोल भोक. १० मिमीच्या ड्रिल बिटचं टोक ११८ अंशाचं असेल तर त्या टोकाची उंची साधारण ३ मिमी होते. आपला पत्रा जेमतेम १ मिमीचा. त्यामुळे बिटच्या दोन्ही कडा पत्र्यात नीट बसायच्या आतच टोक खाली निघून जातं, बिटला आधार उरत नाही, ते डगमगतं आणि भोक तिकोनी होतं. उपाय सोपा आहे. मास्किंग टेप लावून आखणी करा, सेंटर पंच मारा, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, आधी ३ मिमीचं पायलट होल पाडा आणि मग स्टेप ड्रिलनं मोठं करा. व्यास दुप्पट झाला की स्पीड निम्मा करायचा: माइल्ड स्टीलला १० मिमीसाठी सुमारे ८०० आरपीएम, २० मिमीसाठी ४००.

चौकोनी भोक. १६ बाय २ एलसीडीची धातूची चौकट साधारण ७१ बाय २४ मिमी भरते, तरी व्हर्नियरनं मोजूनच आखा. ९६ मिमीच्या पॅनेल मीटरला भोक मात्र ९२ मिमीचं लागतं. रेषेच्या आतून जवळजवळ छिद्रं पाडा, मधला तुकडा काढा आणि चपट्या कानशीनं रेषेपर्यंत या. रेषेबाहेर गेलेला पत्रा परत येत नाही!

लक्षात ठेवा. पत्रा हातात धरून ड्रिल करू नका, बिट अडकलं तर तो पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. क्लॅम्प लावा आणि गॉगल घाला. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नकोत. सगळी भोकं पीसीबी बसवायच्या आधी पाडा, नाहीतर लोखंडाचा कीस ट्रॅकवर पडून शॉर्ट होतो. केबलची भोकं डब्याच्या खालच्या बाजूला घ्या आणि ग्लँड किंवा रबर ग्रोमेट बसवा. पाऊस, मुंग्या, पाली सगळंच बाहेर राहतं. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडायला विसरू नका.

शेवटची परीक्षा कापसाची. कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. एक जरी धागा अडकला तरी कानस पुन्हा हातात घ्या. व्हायव्हात कडेबद्दल कुणी विचारणार नाही, पण शेतात डबा रोज तपासला जाणार आहे.