टेनिसपटूला आर्थिक मदत कशी मिळते? – क्रमवारी, खर्च आणि मधला रिकामा टप्पा



विम्बल्डनचा अंतिम सामना टीव्हीवर लागला की विजेत्याच्या हातातली ट्रॉफी दिसते आणि खाली कोटींचा आकडा झळकतो. मग आपल्याला वाटतं, टेनिस म्हणजे श्रीमंतांचा आणि श्रीमंत करणारा खेळ. पण टीव्हीवर दिसतात ते जगातले पहिले शंभर-सव्वाशे खेळाडू. त्यांच्या मागे हजारो मुलं-मुली छोट्या छोट्या स्पर्धा खेळत फिरत असतात. त्यांचा खर्च कोण करतं? मदत मिळते ती कोणाला, कधी आणि कशाच्या आधारावर? आजच्या लेखात हे आपण आकडेमोड करून समजून घेऊ. गणित सोपं आहे, चौथी-पाचवीचं. उत्तर मात्र विचार करायला लावणारं आहे.

१) आधी खेळाची शिडी समजून घेऊ

व्यावसायिक टेनिसची शिडी साधारण तीन पायऱ्यांची आहे.

• सर्वात खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा. पुरुषांच्या सर्वात छोट्या स्पर्धेला एम-१५ म्हणतात. इथे एकूण बक्षीस १५ हजार डॉलर.
• मधली पायरी चॅलेंजर स्पर्धांची.
• वर एटीपी टूर आणि चार ग्रँड स्लॅम. महिलांसाठी डब्ल्यूटीए टूर.

वरच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो तो जागतिक क्रमवारीवर. क्रमवारी ठरते मागच्या ५२ आठवड्यांत मिळवलेल्या गुणांवर. आठवडा उलटला की जुने गुण गळून पडतात. म्हणजे थांबून चालत नाही, सतत खेळत राहावं लागतं. आणि सतत खेळायचं म्हणजे सतत प्रवास, सतत खर्च. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

२) एका आठवड्याचा हिशेब

आता बघा. एम-१५ स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात. उपविजेत्याला १,२७२, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७५२, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला ४३८ आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर. त्यातूनही त्या त्या देशाचा कर कापला जातो.

समजा, आपला एक खेळाडू अशा स्पर्धेसाठी परदेशी गेला. खर्चाचे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत:

विमानभाडे व व्हिसा – ४५,००० रुपये
हॉटेल, ७ दिवस × ३,००० – २१,००० रुपये
जेवण, ७ दिवस × १,५०० – १०,५०० रुपये
रॅकेटच्या तारा, इतर – ४,५०० रुपये
एकूण – ८१,००० रुपये

डॉलर ८३ रुपयांचा धरू. पहिल्या फेरीत हरला तर हातात सुमारे १३ हजार रुपये. तोटा ६८ हजार! दोन सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरीत हरला तर ३६ हजार, तोटा ४५ हजार. अगदी उपांत्य फेरी गाठली तरी ६२ हजार, म्हणजे तोटाच. ३२ खेळाडूंपैकी फक्त दोघांचा आठवडा फायद्यात जातो. आणि यात प्रशिक्षक धरलेलाच नाही.

म्हणून खेळाडू काय करतात, तर ट्युनिशियातलं मोनास्तिर किंवा तुर्कस्तानातलं अंताल्या अशा ठिकाणी जातात. तिथे एकापाठोपाठ एक आठवडे स्पर्धा चालतात. एकाच विमानभाड्यात तीन-चार स्पर्धा होतात. काही जण खोली वाटून घेतात. काही स्पर्धांत आयोजकच राहण्याची सोय करतात, तिथे खेळायला झुंबड उडते.

आयटीएफने २०१३ सालच्या माहितीवरून याचा अभ्यास केला होता. प्रशिक्षकाचा खर्च सोडून पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर आणि महिला खेळाडूचा ४०,१८० डॉलर निघाला. खर्च आणि बक्षीस यांची तोंडमिळवणी व्हायला पुरुषांना साधारण ३३६ वा आणि महिलांना २५३ वा क्रमांक लागत होता. त्या वर्षी खेळलेल्या सुमारे १४ हजार खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्यांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता.

आता एक भागाकार करा. तो जुनाच खर्च धरला तरी ३८,८०० भागिले २,१६० म्हणजे जवळपास १८. वर्षात १८ एम-१५ स्पर्धा जिंकायच्या, तेव्हा कुठे प्रशिक्षकाशिवायचा खर्च भरून निघणार!

३) मदतीचे रस्ते कोणते?

सरकारी योजना. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिना १० हजार रुपये, हातखर्चासाठी असतात. बाकीची रक्कम प्रशिक्षण, आहार, साहित्य, विमा अशा गोष्टींसाठी. त्याच्या वर आहे २०१४ साली सुरू झालेली ‘टॉप्स’ योजना. ऑलिम्पिक पदकाची शक्यता असलेले खेळाडू त्यात निवडले जातात. मुख्य गटाला महिना ५० हजार आणि विकास गटाला २५ हजार रुपये भत्ता, शिवाय प्रशिक्षण व स्पर्धांचा खर्च. निवड मिशन ऑलिम्पिक सेल करतं. इथे एक शब्द महत्त्वाचा आहे – ‘पदकाची शक्यता’. व्यावसायिक टेनिसमध्ये दीडशेवा क्रमांक ही मोठी कमाई आहे, पण पदकाच्या तराजूत ती हलकी पडते.

राज्य आणि संस्था. अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात सराव करून वर आली. तिला गुजरात सरकारच्या ‘शक्तिदूत’ योजनेचा आणि ओएनजीसीचा आधार मिळाला. सार्वजनिक तेल कंपन्या, रेल्वे वगैरे खेळाडूंना नोकरी देतात, त्यामुळे महिन्याचा पगार सुरू राहतो. काही खेळाडूंना फाउंडेशन आणि प्रायोजक मिळतात.

परदेशी विद्यापीठ. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून आणि ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली. अमेरिकन विद्यापीठं चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, सोबत प्रशिक्षक आणि मैदान. शिक्षणही होतं. याच ऋतुजाने रोहन बोपण्णासोबत हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं.

घरच्या स्पर्धा. ही मदत पैशाच्या रूपात दिसत नाही, पण असते. पुणे, मुंबई, सोलापूर इथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या तर आपल्या मुलांचं विमानभाडं वाचतं. शिवाय आयोजकांकडे वाइल्ड कार्ड असतात, म्हणजे क्रमवारी कमी असूनही थेट प्रवेश. पुण्यात बालेवाडीला एटीपीची महाराष्ट्र ओपन स्पर्धा व्हायची, तेव्हा अर्जुन कढेला अशी संधी मिळाली होती.

जागतिक निधी. चार ग्रँड स्लॅम स्पर्धा मिळून १९८६ पासून एक विकास निधी चालवतात. त्यातून कमी साधनं असलेल्या देशांच्या होतकरू खेळाडूंना अनुदान मिळतं. हे देताना खेळ तर बघतातच, पण आर्थिक परिस्थिती आणि खेळाडू कोणत्या प्रदेशातला आहे हेही बघतात.

आणि देशोदेशीचा फरक? विम्बल्डनच्या शिलकी रकमेतला किमान ९० टक्के वाटा ब्रिटनच्या टेनिस संघटनेकडे जातो. ज्या देशात ग्रँड स्लॅम होते, तिथल्या मुलाच्या पाठीशी अशी विहीर असते. आपल्याकडे ती नाही, आपल्याला घागरीनेच पाणी आणावं लागतं.

४) सुमित नागलचं उदाहरण

हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातला सुमित नागल. २०१९ च्या यूएस ओपनमध्ये त्याने रॉजर फेडररकडून पहिला सेट जिंकला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये एकेरीचा सामना जिंकला. मग दुखापत, शस्त्रक्रिया, आणि क्रमवारी घसरत पाचशेच्या पलीकडे.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने मुलाखतीत सांगितलं, की बँक खात्यात फक्त ९०० युरो उरले आहेत. ९०० युरो म्हणजे तेव्हाचे साधारण ८० हजार रुपये. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता! प्रशिक्षक आणि प्रवास धरून वर्षाला ८० लाख ते १ कोटी रुपये लागतात, असा त्याचा हिशेब होता. बक्षिसाची रक्कम, इंडियन ऑइलचा पगार आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत, सगळं खेळातच ओतलं जात होतं. सर्वात वरच्या क्रमांकावर असूनही टॉप्सच्या यादीत आपलं नाव नाही, आणि क्रमवारी घसरली तेव्हा कोणी मदतीला आलं नाही, अशी खंतही त्याने बोलून दाखवली.

त्याच वर्षीचा आणखी एक आकडा बघा. यूएस ओपनच्या पात्रता फेरीत तो पहिलाच सामना हरला. तरी त्याला २२ हजार डॉलर मिळाले. म्हणजे वर हरणाऱ्याला जे मिळतं, ते खाली जिंकणाऱ्याच्या दहापट!

पुढे काय झालं? जानेवारी २०२४ मध्ये पात्रता फेरीतले तीन सामने जिंकून तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत गेला आणि ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा तो १९८९ मधील रमेश कृष्णन यांच्यानंतरचा पहिला भारतीय. त्या एका स्पर्धेने त्याला १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे ९८ लाख रुपये दिले. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात आला.

गोष्टीचा शेवट गोड झाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण ते ९०० युरो संपेपर्यंत चेन्नई आली नसती तर?

५) एटीपीची किमान कमाईची हमी

ही अडचण एटीपीलाही कळत होती. २०२४ पासून त्यांनी ‘बेसलाइन’ नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी पहिल्या शंभर खेळाडूंना ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकाला दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकाला ७५ हजार डॉलर अशी किमान कमाई ठरवली. कमाई त्याखाली गेली तर फरक एटीपी भरून देते. दुखापतीमुळे फार कमी खेळता आलं तर वेगळं संरक्षण आहे. प्रथमच पहिल्या सव्वाशेत येणाऱ्याला आगाऊ रक्कमही मिळते.

योजना चांगलीच आहे. पण २५१ व्या क्रमांकावर काय? काहीच नाही.

६) मग मधला टप्पा कोणाचा?

सगळी जोडणी एकत्र करून पाहा. शाळकरी वयात, गुणवत्ता दिसली तर, खेलो इंडियासारखी योजना आहे. अडीचशेच्या आत गेलं की एटीपीची हमी आहे. पदक आणलं की सरकारी बक्षीस आहे, सत्कार आहे. मध्ये अठरा ते चोवीस वर्षांचा काळ, क्रमवारी तीनशे ते हजार. खर्च सर्वात जास्त इथे आणि मदत सर्वात कमी इथे. हा टप्पा बहुतेक वेळा आई-वडिलांच्या ठेवीवर, दागिन्यांवर, कर्जावर पार पडतो. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांची मुलं इथेच थांबतात. ती कमी पडली म्हणून थांबतात असं नाही, हिशेब संपतो म्हणून थांबतात.

मूळ पेच असा आहे: मदत क्रमवारी बघून मिळते आणि क्रमवारी पैसा खर्चून मिळते. झाडाला फळ लागल्यावर पाणी घालायला सगळे धावतात, रोप असताना बादली कोणी उचलत नाही.

निकाल बघूच नये, असं माझं म्हणणं नाही. सार्वजनिक पैसा आहे, कसोटी हवीच. पण कसोटीत आजच्या क्रमांकासोबत आणखी तीन गोष्टी याव्यात: वय व वर्षभरातली प्रगती, घरची परिस्थिती, आणि दुखापतीचा काळ. आणि मदत एकरकमी न देता दोन-तीन वर्षं ठरलेली, थोडी पण नक्की मिळावी. पदकानंतरच्या मोठ्या चेकपेक्षा पदकाआधीच्या छोट्या हप्त्याने जास्त खेळाडू घडतील.

पालकांना एवढंच सांगेन. मुलाला रॅकेट जरूर द्या, पण सोबत वहीही घ्या. वर्षाचा खर्च लिहा, मदतीचे रस्ते शोधा, अर्जाच्या तारखा सांभाळा, शिक्षण सोडू नका. स्वप्नाचा हिशेब मांडला म्हणून स्वप्न लहान होत नाही. उलट ते जास्त दिवस टिकतं.

विचार करा, उत्तरे लिहा

१) एम-१५ स्पर्धेतल्या उपविजेत्याला, वरच्या हिशेबाप्रमाणे, किती रुपये फायदा होईल? त्याच विमानभाड्यात तीन आठवडे खेळल्यास दर आठवड्याचा खर्च किती होईल?
२) तुमच्याकडे मदतीसाठी दहा लाख रुपये आहेत. एका खेळाडूला सगळे द्याल की दहा जणांना एकेक लाख? कारण लिहा.
३) क्रमवारी सारखीच असलेले दोन खेळाडू आहेत. एक सधन घरातला, दुसरी शेतमजुराची मुलगी. मदत कशी वाटाल? वर्गात चर्चा करा.

दुसऱ्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना भांडू द्या, मग कारणं फळ्यावर लिहा. तुमच्या वर्गातली उत्तरं आम्हालाही नक्की कळवा.