भीती नक्की कुणाला वाटते?

चि. सोनू,



तुझी कादंबरी दोन रात्रींत वाचून संपवली. दिवे गेल्यावरचं ते जेवण वाचून मी खरोखरच उठले आणि दाराची कडी पाहून आले. पण शेवटच्या प्रकरणात खुनी निघतो धाकटा दीर, आणि कारण एवढंच की त्याला स्किझोफ्रेनिया आहे. तिथे मी पानं मिटून ठेवली. तीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात नोकरी केलेली तुझी आत्या यावर गप्प बसणार नाही.

आधी एक साधी चूक. या दिराच्या अंगात तू दोन माणसं दाखवली आहेस. तो वेगळा आजार, स्किझोफ्रेनिया वेगळा. घोटाळा नावातच आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ साली 'दुभंगणं' आणि 'मन' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव घडवलं. विचार, भावना आणि वागणं यांचा सांधा सुटतो, असं त्यांना म्हणायचं होतं. मराठीत आपण 'छिन्नमनस्कता' म्हणू लागलो आणि गैरसमजही तसाच उचलला. एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं दिसतात तो आजार विरळ, आणि त्याची मुळं बहुतेकदा लहानपणी सोसलेल्या अत्याचारात असतात. १९६० च्या 'सायको'पासून पडद्यावर मात्र त्यातलं दुसरं व्यक्तिमत्त्व हातात सुरा घेऊनच येतं.

आमच्या ओपीडीत एकदा एक आई आली होती. मुलगा विशीतला. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, हा रात्री झोपेत माझा गळा तर दाबणार नाही ना?" आदल्या आठवड्यात तिने टीव्हीवर कुठलासा सिनेमा पाहिला होता. मुलगा पलीकडे बाकावर अंग चोरून बसलेला. अन्नात विष कालवलंय या संशयाने तीन दिवस त्याच्या पोटात घास नव्हता. आई त्याला घाबरत होती आणि तो सगळ्या जगाला. सोनू, त्या खोलीत सगळ्यांत जास्त भीती कुणाला वाटत होती, सांग बरं?

उपचार नसतील आणि दारूची भर पडली तर धोका वाढतो, हे मी लपवणार नाही. पण स्किझोफ्रेनिया असलेले बहुसंख्य लोक कुणाच्या अंगावर जात नाहीत. मार खाणारे, लुबाडले जाणारे, घराबाहेर काढले जाणारे मी कितीतरी जास्त पाहिले.

तुला थरारच हवा असेल तर काप्ग्रा यांनी नोंदवलेला भ्रम वाच. १९२३ साली या फ्रेंच डॉक्टरांनी एका बाईची हकिकत मांडली. आपला नवरा, आपली मुलगी यांना कुणीतरी पळवलंय आणि त्यांच्या जागी हुबेहूब तसे दिसणारे तोतये आणून बसवलेत, अशी तिची खात्री होती. स्किझोफ्रेनियात, स्मृतिभ्रंशात, मेंदूला मार लागल्यावरही हे दिसतं. चेहरा ओळखू येतो, पण आपलं माणूस पाहिल्यावर आत जी ऊब दाटते ती दाटतच नाही. मग मन स्वतःची समजूत घालतं की हा तो नव्हेच. डॉ. रामचंद्रन यांनी अमेरिकेत असाच एक अपघातग्रस्त तरुण पाहिला. समोर बसलेले आईवडील त्याला तोतये वाटत, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकला की तो लगेच ओळखत असे.

आता तुझ्या कादंबरीतला बंगला घे. मुलगी शेजारच्या खोलीतून आईला फोन करते. आई कुजबुजते, "लवकर ये गं, तुझ्यासारखी दिसणारी कुणी बाई घरात शिरलीय." यात खून नाही, रक्त नाही. माझ्या मात्र अंगावर काटा येतो.

असाच थरार स्मृती जाण्यातही आहे. 'गजनी' सिनेमामुळे हा आजार घरोघरी माहीत झाला, पण हेन्री मोलेसन यांची खरी गोष्ट त्याहून चटका लावणारी. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि पुढे २००८ मध्ये मरेपर्यंत नवी आठवण त्यांच्यापाशी टिकली नाही. आरशात पाहून चांदणी गिरवायला मात्र त्यांचा हात शिकला. रोज हात सुधारत गेला आणि रोज त्यांना वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतोय.

आणि कादंबरीतला शॉक देण्याचा प्रसंग काढून टाक. भूल न देता शॉक द्यायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, साखळीने बांधायलाही. भूल देऊन दिलेल्या शॉकने जेवूखाऊ लागलेली माणसं मी पाहिली आहेत. तुझा प्रसंग वाचून एखादं घर त्या उपचाराला नकार देईल, याची मला काळजी वाटते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा सिनेमा पुन्हा एकदा बघ. त्यातला आजारी नायक शेष काय पाहतो, काय ऐकतो, हे तिथे आपण त्याच्या जागी बसून अनुभवतो. तुझ्या दिराला एकदा तरी असं आतून लिही. खुनी दुसऱ्या कुणाला कर: लोभी, मत्सरी, शहाणासुरता माणूस. असे पुष्कळ असतात.

शेवटचं प्रकरण नव्याने लिहून झालं की छापायला देण्याआधी माझ्याकडे पाठव. मी वाट पाहते आहे.

तुझी,
आत्या